नाळ कितव्या दिवशी पडली

आमच्या कॉलनीत कुणाकडे बाळ झालं की लोक विचारायचे, मुलगा की मुलगी, वजन किती भरलं, कुणावर गेलंय. खैरनारभाऊ विचारायचे, "नाळ पडली का?" आणि पडली असेल तर, "कितव्या दिवशी?"

आता हे विचारायचं बायकांनी बायकांना, आणि तेही आत, बाळंतिणीच्या खोलीत, शेक-शेगडीजवळ. इथं साठीला टेकलेला एक पुरुषमाणूस रस्त्यावर फाटकाशी उभा राहून बाळाच्या आजोबांना खणखणीत आवाजात विचारतोय. आजोबांना काय डोंबल माहीत असणार? ते आत जायचे, विचारून यायचे, आणि चोरट्या आवाजात सांगायचे, "सातव्या." भाऊ खिशातली वही काढून लिहायचे आणि चालू पडायचे. पेढा घ्यायचंसुद्धा भान नसे.

नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, हा माणूस काहीतरी करणी-बिरणी करतो. चौदा नंबरातल्या नव्या सुनेनं तर बाळाची पडलेली नाळ डबीत घालून डबी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. भाऊंना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "नाळ मला नको शे. मला फक्त दिवस सांगा."

'शे' म्हणजे 'आहे'. भाऊ सटाण्याकडचे. तीस वर्षं नाशकातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्यात गेली, बोलणं शहरी झालं, पण गडबडले की त्यांचं गाव तोंडातून बाहेर यायचं. सिडकोतल्या आमच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एकच. लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "राहून गेलं," जसं कुणी दळण टाकायचं राहून गेलं म्हणतं तसं.

घरात सामान म्हणाल तर एक कॉट, एक स्टोव्ह आणि जेवायच्या टेबलावर पितळी मायक्रोस्कोप. धूळ बसू नये म्हणून त्यावर जुनी माकडटोपी घातलेली. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, कुणी आजारी माणूस जेवायला बसलाय. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस त्याला नमस्कार करून गेला होता.

तर या भाऊंचं जगात एकाच गोष्टीवर प्रेम होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी. आणि त्यांचं ब्रीदवाक्य एकच, "पकड बघा वहिनी, पकड."

रस्त्यानं ते कधी मधून चालत नसत. रविवार कारंज्यापासून भद्रकालीपर्यंत जायचं असलं तर दुकानांच्या कडेनं, प्रत्येक ओट्याला, फळीला, खांबाला हात लावत लावत जायचे. मी एकदा भाजीला त्यांच्याबरोबर गेले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार म्हणतोय, "या काका, काय दाखवू?" आणि हे त्याच्या काउंटरला हात लावून पुढं.

"भाऊ, घ्यायचं नाही तर हात कशाला लावता?"

"पांढरी पेशी अशीच जाते वहिनी. लाल पेशी मधून वाहतात, गर्दीसारख्या. पांढरी कडेला येते. नळीच्या भिंतीला धरते, सोडते, धरते, सोडते. जिथं जखम असेल तिथंच थांबते."

"मग तुम्ही थांबा की कुठंतरी."

"आज काही लागलेलं नाही," भाऊ म्हणाले.

आमच्या ह्यांना एकदा करट झालं होतं. कुठं, ते सांगत नाही, पण सातपूरला कंपनीच्या बसमध्ये ते आठवडाभर उभ्यानं जात होते. भाऊंना कळलं तसे आले. "पू झालाय का?" हे म्हणाले, "झालाय." भाऊंनी पुढं होऊन त्यांचा हात हातात घेतला. "वा. अभिनंदन." मग समजावून सांगू लागले, की पू म्हणजे घाण नव्हे, पू म्हणजे तिथं पोचून मेलेल्या पेशी, म्हणजे तुमच्या पेशींना रस्ता सापडतो, पकड पक्की आहे. हे त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. बसून रागावता येत नव्हतं म्हणून उभ्यानं रागावले.

मी शाळेत फार गेले नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं वाचनालयातनं आणि याला-त्याला विचारून. त्यामुळं कुणी काही सांगितलं आणि कळलं नाही तर मला चैन पडत नाही. मी म्हटलं, "भाऊ, धरते-सोडते म्हणता, तिला काय हात असतात?" तर म्हणाले, "असतात. बारीक. पुस्तकात त्यांना रेणू म्हणतात, तुम्ही हात म्हणा. थांबा."

घरातून पाट घेऊन आले. खिशातून काढली मळ्याच्या बांधावर उगवतात ती काटेरी गोखरूची बोंडं. म्हणाले, लोकरीचं काहीतरी द्या. मी भोळेपणानं आमच्या लेकीच्या, मंदाच्या लग्नात विहीणबाईंनी दिलेली शाल दिली. त्यांनी पाट भिंतीला तिरका लावला, त्यावर शाल पसरली आणि वरून बोंड सोडलं. ते गडगडलं, लोकरीत अडकलं, सुटलं, पुन्हा गडगडलं, अडकलं, सुटलं.

"ही पहिली पकड. कच्ची. तिनं फक्त वेग कमी होतो. आता जखमेकडनं निरोप येतो, की बाई, इथंच." त्यांनी बोंडावर बोट दाबलं. "ही दुसरी पकड. पक्की. आता थांबली. मग चपटी होते आणि भिंतीतल्या दोन विटांच्या फटीतून आत."

"चोरासारखी?"

"चोरासारखा आत शिरणारा डॉक्टर समजा."

मला कळलं. शालीचे मात्र सतरा धागे ओढले गेले.

आणखी एक त्यांची शाळा होती. छातीच्या हाडामागं म्हणे एक ग्रंथी असते, तिथं काही पांढऱ्या पेशी लहानपणी शिकायला जातात. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात त्याही हातानं धरत धरत. परीक्षा अशी, की जी पेशी कशालाच धरत नाही ती नापास, आणि जी आपल्याच माणसाला गच्च धरून बसते तीही नापास. मधल्या थोड्या पास होऊन अंगात हिंडायला बाहेर पडतात. "आपली शाळा आता बंद पडत आली वहिनी," भाऊ म्हणायचे, "वय झालं की तिथं पटसंख्या राहत नाही." कॉलनीत कुणाचं लग्न ठरलं की भाऊ मुलीला हीच परीक्षा सांगायचे. मंदाला सांगायला लागले तर ती म्हणाली, "काका, तुम्ही पास झाला होता का?" भाऊ म्हणाले, "मी त्या शाळेत घंटा वाजवायला होतो."

त्याच मंदाचं पहिलं बाळंतपण. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा हिवाळा, नाशिकची थंडी म्हणजे तुम्हाला सांगायला नको. मुलगी झाली. निफाडहून विहीणबाई आल्या, द्राक्षाचा मळा सोडून नातीसाठी महिनाभर राहायला. भाऊ पहिल्याच दिवशी उकळून वाळवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी घेऊन हजर. नाळेला स्पिरिट लावायचं दिवसातून चार वेळा, त्यावर जांभळं औषध, त्यावर पावडर. लावणाऱ्यानं आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मी मान डोलावली. इतकी वर्षं दवाखान्यात काढलेला माणूस.

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्यात काय बी लावत नाय. सुकती अन् पडती."

"ताई, जमाना बदलला."

"नाळ बदलली का?"

विहीणबाईंनी मग माझ्याकडे मोर्चा वळवला, "अन् ही माझी शाल हाय का विहीणबाई? हिला मांजरानं धरलं का काय?"

पोरीचं पोट दौतीत बुडवून काढल्यासारखं जांभळं दिसायला लागलं. सातवा दिवस गेला. भाऊ भिंतीपलीकडून रोज सकाळी विचारायचे, "पडली?" मी म्हणायची, "नाही." दहावा गेला. बाराव्या दिवशी बारसं झालं, सायली नाव ठेवलं, नाळ तशीच. भाऊ म्हणाले, औषध वाढवा. थंडी आहे, पाच वेळा लावा. आम्ही पाच वेळा लावलं. चौदावा गेला.

पंधराव्या दिवसापासून भाऊंनी विचारायचं बंद केलं.

तो माणूस सगळ्या जगाला विचारणारा, आणि आमच्या दारावरून जाताना पायाकडे बघत जातो. कधी थांबले तर भलतंच विचारायचे. दूध ओढते का? बेंबीभोवती लाली आहे का? ताप? मी म्हणायची, दूध चांगलं ओढते, लाली नाही, ताप नाही. ते "हं" म्हणायचे आणि जायचे. विसाव्या दिवशी मंदा आणि विहीणबाई आत निजलेल्या होत्या, मी भाऊंना स्वयंपाकघरात बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "भाऊ, काय आहे ते सांगा. मी मंदाला कळू देणार नाही."

भाऊ नळाकडे बघत होते. "नाळ आपोआप पडत नाही वहिनी. ती पाडावी लागते. पांढऱ्या पेशी तिथं उतरतात, आणि आतून सोडवतात. लाखांत एखादं लेकरू असं असतं, की त्याच्या पेशींना ती दुसरी पकडच नसते. पक्की. त्या नुसत्या वाहत राहतात. रक्त पेशींनी भरलेलं, आणि जखमेवर एकही नाही. अशा लेकराची नाळ पडत नाही. महिना होतो, तरी पडत नाही."

"आणि पुढं?"

"आता मोठ्या गावांना काही उपाय निघालेत."

नळ टपटपत होता, तो मी घट्ट बंद केला, तरी टपटपत राहिला.

दुसऱ्या दिवशी भाऊ टाचेतलं थेंबभर रक्त घ्यायला आले. तीन वेळा हात धुतले. पोरगी विहीणबाईंच्या मांडीवर होती. सुई टोचताच ती रडली, आणि विहीणबाईंनी भाऊंकडे असं बघितलं की मला ते सोसलं नसतं. भाऊ थेंब घेऊन घरी गेले, त्यांच्यामागं मी. दारातच उभी राहिले. त्यांनी मायक्रोस्कोपची टोपी काढली, डोळा लावला आणि मोजायला लागले. हातात ते बटण दाबायचं यंत्र, टिक, टिक, टिक. झालं. कागदावर काही लिहिलं. पुन्हा पहिल्यापासून. टिक, टिक. पुन्हा तिसऱ्यांदा.

"किती?" मी म्हटलं.

"वहिनी, लहान मुलांच्या डॉक्टरबाईंकडे चला."

"चांगलं आहे का वाईट?"

"चला."

रिक्षात मंदा, विहीणबाई, पोरगी आणि मी दाटीनं बसलो होतो, भाऊ ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर. कॉलेज रोडपर्यंत मंदा मला विचारत होती, "आई, नुसतं दाखवायलाच चाललोय ना?" मी हो म्हणत होते.

डॉक्टरबाई मंदाच्याच वयाच्या. त्यांनी पोरीला वजनावर ठेवलं, तोंड बघितलं, बेंबी बघितली, पोट दाबलं. मग विचारलं, "नाळेला काय लावता?"

भाऊ ताठ झाले. पाठ म्हटल्यासारखं सगळं सांगितलं. स्पिरिट, जांभळं, पावडर, उकळलेला कापूस, कोपरापर्यंत हात.

"किती वेळा?"

"चार. थंडी वाढल्यापासून पाच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तिथं एखादा तरी जंतू शिल्लक ठेवलाय का?"

"एकही नाही," भाऊ अभिमानानं म्हणाले.

"मग पांढऱ्या पेशी कशाला येतील? थोडे जंतू येतात, थोडी गडबड होते, तेव्हा पेशींना निरोप जातो आणि त्या येऊन नाळ सोडवतात. तुम्ही इतकं निर्मळ ठेवलंत की निरोपच गेला नाही."

शाल आणि बोंडं घेऊन भाऊंनी मला जे शिकवलं, तेच ही पोर त्यांना शिकवत होती. "निरोप," ते म्हणाले. मग एकदम, "हां. निरोप शे ना. बरोबर शे." खिशातून घडी घातलेला कागद काढून बाईंपुढं ठेवला. बाईंनी वाचला. "हा काउंट अगदी नॉर्मल आहे. कुणी केला?"

"मी. तीनदा."

खात्रीसाठी बाईंनी आपल्या लॅबमधून पुन्हा करून घेतला, तोही तसाच आला. "वजन वाढतंय, लाली नाही, सगळं ठीक आहे. पण डोळे उघडे ठेवा, आठवडाभरात नाही पडली तर पुन्हा या. आता सगळं बंद करा. कोरडं ठेवा. बस."

परत येताना मुंबई नाका आला तेव्हा विहीणबाई रिक्षाबाहेर बघत म्हणाल्या, "सुकती अन् पडती," आणि पदर तोंडाला लावून घर येईपर्यंत हसण्यानं गदगदत होत्या. ड्रायव्हरशेजारच्या भाऊंचे कान मागून लालबुंद दिसत होते.

पंचविसाव्या दिवशी आंघोळीच्या वेळी नाळ विहीणबाईंच्याच हातात आली. पहिल्या लेकराची नाळ त्यांच्यात मळ्यात पुरतात, म्हणून त्यांनी ती धुवट फडक्यात बांधून ठेवली. मग ओट्यावर येऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "पडली हो खैरनारभाऊ. पंचवीस. लिवा तुमच्या वहीत." भाऊ बनियनवर बाहेर आले. लिहिताना पेन चालेना, झटकून झटकून बनियनवर शाईचे ठिपके उडाले. आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "खैरनार, अभिनंदन." करटानंतर पहिल्यांदाच हे आपणहून त्यांच्याशी बोलले.

दोन दिवसांनी दुपारी भाऊ कापसाची बरणी परत न्यायला आले. घर निजलं होतं. मी ओट्यावर मटार सोलत बसले होते. तेही बसले आणि न सांगता शेंगा सोलायला लागले. आता सगळं नीट झालं होतं, तेव्हा मला राग काढायला सवड होती.

"भाऊ, एक सांगा. आकडा चांगला आला होता. तीनदा चांगला आला होता. मला दारात उभी बघत होता. चांगलं आहे वहिनी, एवढं म्हणायला काय जात होतं? रिक्षात माझा जीव अर्धा झाला."

भाऊ सोलता सोलता म्हणाले, "मी एकदा म्हटलं होतं."

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, दवाखान्यात असताना, पेठ तालुक्यातून एक बाई आली होती. एकटीच, पाच आठवड्यांचं लेकरू घेऊन. नाळ तशीच लोंबत होती. बेंबीभोवती लाल, कडक, आणि पुवाचा टिपूस नाही. भाऊंनी रक्त मोजलं. इतक्या पेशी, की त्यांना वाटलं आपलं मिश्रण चुकलं. पुन्हा केलं, तेवढ्याच.

"मला आनंद झाला वहिनी. मला तेव्हा एवढंच ठाऊक. पांढऱ्या जास्त, म्हणजे लढणारे जास्त. ती खिडकीशी उभी होती रिपोर्टला. मी तिला हसून सांगितलं, बाई, घाबरू नको, तुझ्या लेकराच्या अंगात फौज शे." त्यांच्या हातातली शेंग रिकामी होती, तरी ते तिच्यातून अंगठा फिरवत होते. "तिसऱ्या दिवशी गेलं ते. पुढं किती वर्षांनी शिकाऊ डॉक्टरांचं एक जाड पुस्तक हाती आलं. डिक्शनरी घेऊन वाचत बसलो. त्यात ते लेकरू होतं. फौज होती हो. पण एकालाही थांबता येत नव्हतं. आणि मी तिला हसून सांगितलं. तेव्हापासून मी कुणाला चांगलं आहे म्हणत नाही. आकडा देतो."

मीही दवाखान्याच्या बाकांवर रात्री काढल्या आहेत, मंदाच्या वेळी, ह्यांच्या वेळी. तिथं कुणी आपल्याशी हसून बोललं तर काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून मी विचारलं, "तुम्ही सांगितल्यावर ती काय म्हणाली?"

"काही नाही. तीन दिवसांची जागी होती. बाकावर बसली, आणि बसल्या बसल्या झोपली."

"आणि लेकरू?"

"माझ्याकडं."

"किती वेळ?"

"ती उठेपर्यंत. पाच वाजले असतील." भाऊंनी नवी शेंग घेतली. "माझी ड्यूटी दोनला संपली होती."